सात तारीख

नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव निघालं की रविवारची सुट्टी आठवते. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली. पण सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला, त्यात सुट्टीखेरीज आणखी चार मागण्या होत्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी तो अर्ज मान्य केला होता. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटाची सोय व्हावी. उरलेली मागणी आज फारशी कुणाला आठवत नाही. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा, अशी ती होती.

पगार वाढवून द्या, असं त्या अर्जात कुठेही नाही. कमावलेला पैसा पंधरा दिवसांत द्या, एवढंच मागणं होतं, आणि तेसुद्धा मागावं लागत होतं.

पगार मागे ठेवण्यात गिरणीमालकांचा दुहेरी फायदा होता. एक तर तेवढे दिवस पैसा वापरायला मिळे. दुसरं म्हणजे कामगार बांधला जाई. सूचना न देता काम सोडलं तर मागे राहिलेला पगार बुडे, मग दुसऱ्या गिरणीत दोन पैसे जास्त मिळत असले तरी माणूस जायचा कसा? मधल्या दिवसांत वाण्याकडे उधारी चाले, कामावर घेणाऱ्या जॉबरचे उपकार घ्यावे लागत, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाण सावकार काठी घेऊन उभा असे. या साखळीत आणखी एक कडी होती, ती म्हणजे खानावळवाली बाई. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार गिरणगावातल्या खोल्यांमध्ये महिन्याच्या बोलीवर जेवत. कामगाराचा पगार लांबला की बाईचं वाण्याचं बिल लांबे, आणि ते भागवायला ती दागिना गहाण टाके. १९७४ च्या गिरणी संपात या बायकांनी उधारीवर कामगारांना जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. त्यातूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एक पगार अडकला की किती चुली अडतात, हे गिरणगावाइतकं क्वचितच कुठे उघड दिसलं असेल.

सरकारला याची दखल घ्यायला पन्नास वर्षं लागली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि त्या पाठोपाठ १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, आणि त्याहून जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे, असं त्यात लिहिलं गेलं. आजही नोकरदार माणूस सहज बोलून जातो, “सात तारखेला देतो”, “दहाला पगार झाला की बघू”. या तारखा आपोआप पडलेल्या नाहीत. त्या कायद्यातून आपल्या बोलण्यात आल्या.

हा कायदा नव्वद वर्षांच्या आसपास चालला. त्याची एक मोठी उणीव होती. तो ठराविक रकमेपर्यंतच्या पगारालाच लागू असे. ही मर्यादा शेवटी, २०१७ मध्ये, महिना २४,००० रुपये झाली होती. पंचवीस हजार मिळवणारा त्याच्या बाहेर. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. ती संसदेत २०१९ लाच मंजूर झाली, पण प्रत्यक्ष लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. तिच्यात पगाराची वरची मर्यादा नाही. झाडूवाली मावशी आणि सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर, दोघांनाही वेळेवर पगाराचा हक्क सारखाच. रोजंदारीवाल्याचे पैसे त्याच दिवशी, काम सुटताना द्यायचे. आठवड्याचा हिशेब असेल तर आठवड्याच्या सुट्टीच्या आधी, पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत, आणि महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. कामगार हजार असोत की सात, तारीख एकच.

याच संहितेतली एक तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. माणसाला कामावरून काढलं, कपातीत गेला, त्याने स्वतः राजीनामा दिला किंवा कारखानाच बंद पडला, तर त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. “फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल” हे वाक्य कंपन्यांच्या एचआरकडून इतक्या सहजपणे ऐकायला मिळतं की तोच नियम आहे असं वाटावं. राहिलेल्या पगारापुरता तो नियम नाही.

तारखेला एवढं महत्त्व का, ते एका साध्या हिशेबात दिसतं. वीस कामगारांचा एक कारखाना धरा. प्रत्येकाचा पगार १८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ३,६०,०००. मालकाने पगार महिनाभर लांबवला. तेवढी रक्कम त्याने बँकेकडून वर्षाला बारा टक्क्यांनी उचलली असती तर महिन्याचं व्याज ३,६०० रुपये झालं असतं. तेवढे त्याचे वाचले. तिकडे कामगाराला बँक दारात उभं करत नाही. त्याने घरभाडं, शाळेची फी आणि किराणा भागवायला खाजगीत महिना शेकडा पाचने १८,००० घेतले, तर एका महिन्याचं व्याज ९०० रुपये. वीस जणांचे मिळून १८,०००. मालकाचे साडेतीन हजार वाचावेत म्हणून कामगारांच्या खिशातून अठरा हजार गेले. पगार थकवणं म्हणजे कामगाराकडून न विचारता, बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज घेणं, हे या हिशेबात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही भाषणात दिसणार नाही.

पगार एकदम कधीच बंद होत नाही. तो आधी आजारी पडतो. सातचा दहाला होतो, दहाचा पंधराला. मग एखाद्या महिन्यात “निम्मा घ्या, उरलेला सोमवारी” असं होतं. तो सोमवार येतो आणि जातो. सुपरवायझर खाली मान घालून म्हणतो, “पार्टीचं पेमेंट अडकलंय, साहेब बोललेत, होईल.” पगाराची स्लिप मिळेनाशी होते. बँकेत जमा होणारा पगार पाकिटातून रोख यायला लागतो. आणि सगळ्यात खात्रीची खूण भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात असते. पीएफची रक्कम मालकाने पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापलेली रक्कम खात्यात दिसत नसेल, तर कंपनीच्या तिजोरीत खडखडाट असण्याची शक्यता मोठी, कारण अडचणीतला मालक सगळ्यात आधी जिथे कुणी दारात येऊन मागत नाही तिथला हप्ता चुकवतो. मोबाइलवर उमंग ॲप उघडून हे पासबुक दर महिन्याला बघणं पाच मिनिटांचं काम आहे.

इथे माणसं थांबतात, वाट बघतात. मालकाशी दहा वर्षांचे संबंध असतात, दिवाळीला त्याने घरी मिठाई पाठवलेली असते, पोराच्या आजारपणात उचल दिलेली असते. त्याची अडचण खोटी नसतेही. लहान कारखानदाराचे पैसे मोठी कंपनी तीन-तीन महिने अडकवून ठेवते, हे पिंपरी-चिंचवडपासून सातपूर आणि वाळूजपर्यंत कुणालाही विचारा. पण गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत हे पगार न देण्याचं कायदेशीर कारण ठरत नाही. धंद्याची जोखीम मालकाची. नफा झाला तेव्हा कामगाराला वाटा मिळाला नव्हता.

थांबण्याची किंमत किती असू शकते, ते जेट एअरवेजच्या लोकांना विचारावं. मुंबईत मुख्यालय असलेली, देशातली एके काळची सगळ्यात नावाजलेली खाजगी विमान कंपनी. २०१८ च्या उत्तरार्धात तिथले पगार हप्त्याहप्त्याने व्हायला लागले. २०१९ च्या जानेवारीपासून वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार थांबले, मग बाकीच्यांचे. १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचं विमान उडालं. जूनमध्ये प्रकरण कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे दिवाळखोरीसाठी दाखल झालं. नवा मालक सापडला, त्याची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, पण विमानं उडाली नाहीत, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मधल्या काळात कर्मचाऱ्यांनी पीएफ आणि ग्रॅच्युइटीची पूर्ण रक्कम मिळावी म्हणून लढा दिला. अपिलीय न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

कंपनी दिवाळखोरीत गेली की खेळाचे नियमच बदलतात. न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की वसुलीचे बाकी सगळे दावे थांबतात आणि एका दिवाळखोरी व्यावसायिकाची नेमणूक होते. तो वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. कामगाराने त्याच्याकडे आपला दावा ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे फॉर्म डी मध्ये, मुदतीत भरायचा. दहा-वीस जणांचा मिळून फॉर्म ई मध्ये एकच दावाही भरता येतो. ही सूचना वाचायची राहिली म्हणून पैसे बुडालेले लोक आहेत. कंपनी मोडीत निघाली तर वाटपात कामगारांचा शेवटच्या चोवीस महिन्यांचा पगार तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरला जातो, आणि इतर कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांचा त्याच्या खालोखाल. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पैसा तर कंपनीच्या मालमत्तेत धरतच नाहीत. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण वाटप व्हायला मालमत्ता उरली पाहिजे, आणि त्यात वर्षं जातात.

ठेकेदाराच्या माणसाची गत याहून वेगळी. इमारतीच्या दारात उभा असलेला सुरक्षारक्षक सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणतो, “साहेब, दोन महिने पगार नाही.” सेक्रेटरी म्हणतो, “आम्ही एजन्सीला पैसे दिलेत.” एजन्सीचा माणूस फोन उचलत नाही. तिघांपैकी जो बारा तास उभा राहतो, त्याच्याच हातात काही नाही. कायद्याने यावर उत्तर दिलेलं आहे. वेतन संहितेत म्हटलं आहे की मालकाने पैसे दिले नाहीत तर ज्या आस्थापनेत माणूस काम करतो तिच्या मालक कंपनीवर, फर्मवर किंवा संस्थेवर ती जबाबदारी येते. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातही ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा, असं होतं. सोसायटीचा ठराव करताना एजन्सीच्या बिलासोबत रक्षकांच्या पगाराचा पुरावा मागायची सवय लावली, तर सेक्रेटरीचीही झोप वाचेल आणि रक्षकाचाही पगार होईल.

मधला माणूस काय करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या एका गाजलेल्या निकालात नोंदलेलं आहे. दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधले जात होते. मजुरांचा ठरलेला रोज सव्वानऊ रुपये. पण तो जमादारांच्या हातून जाई, आणि जमादार प्रत्येक माणसामागे रोज एक रुपया कापून घेत. मजुराच्या हाती पडत सव्वाआठ. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने हे न्यायालयात नेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरी आहे, असं न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात ठरवलं. भूक हीसुद्धा सक्तीच आहे, हे त्या निकालाने मान्य केलं.

या रोगावर महाराष्ट्राने एक स्वतःचं औषध शोधलं होतं, आणि त्याची आठवण ठेवायला हवी. माथाडी कामगाराला एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक. पगार मागायचा कुणाकडे? साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईत आलेले अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. त्याची रचना साधी आणि विलक्षण आहे. व्यापारी मजुरी हमालाच्या हातात देत नाही, ती माथाडी मंडळाकडे भरतो. मजुरीच्या वर ठराविक टक्के लेव्ही भरतो. मंडळ टोळीच्या हिशेबाने महिन्याला पगार करतं, आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार भागवतं. ज्याला कुणी विचारत नव्हतं अशा पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला पगाराची स्लिप मिळाली. १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही याच धर्तीवर मंडळाचा कायदा झाला. मंडळांच्या कारभारात दोष शिरले, बनावट संघटना शिरल्या, हे खरं. तरी पैसा तिसऱ्याच्या नजरेसमोरून गेला की तो बुडवणं अवघड होतं, ही मूळ कल्पना आजही खणखणीत आहे.

हीच कल्पना पुढे आखाती देशांनी उचलून धरली. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या किती घरांचं चुलीचं सरपण दुबईतून येतं, ते तिथल्या गावांना सांगायला नको. संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये वेतन संरक्षण व्यवस्था सुरू केली. कंपनीने सगळे पगार मान्यताप्राप्त बँकांमार्फतच करायचे, म्हणजे कुणाचा पगार किती तारखेला झाला ते मंत्रालयाला संगणकावर दिसतं आणि पगार थकवणाऱ्या कंपनीला नवे कामगार आणण्याचे परवाने थांबवता येतात. त्याने सगळं सुटलं असं नाही. शेजारच्या सौदी अरेबियात २०१६ च्या उन्हाळ्यात तेलाचे भाव पडल्यावर बांधकाम कंपन्यांनी पगार थांबवले आणि हजारो भारतीय कामगार छावण्यांमध्ये जेवणाला महाग झाले. जेद्दाच्या भारतीय वकिलातीला त्यांच्यासाठी अन्न पुरवावं लागलं. परदेशात असा प्रसंग आला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. घरच्यांनाही ती इथून करता येते.

आता इथल्या माणसाने नेमकं काय करायचं? पहिली गोष्ट, कामावर जात राहायचं. रागाने घरी बसलं की तिकडे “गैरहजर” असा शेरा पडतो आणि भांडण पगारावरून हजेरीवर सरकतं. दुसरी, कागद जमवायचे. “माझ्याकडे अपॉइंटमेंट लेटरच नाही” हे रडगाणं निम्म्या लोकांचं असतं, पण पुरावा म्हणजे फक्त ते पत्र नव्हे. बँकेत आधीच्या महिन्यांचा जमा झालेला पगार, पासबुकातली पीएफची नोंद, ईएसआयसीचा क्रमांक, ओळखपत्र, गेटपास, सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं “उद्या सेकंड शिफ्टला ये”, मस्टरचा मोबाइलवर काढलेला फोटो, हे सगळं चालतं. घरी एक साधी वही ठेवावी आणि रोजची तारीख, वेळ, केलेलं काम लिहीत जावं. आणि एक गोष्ट लक्षात असू द्यावी: पगार दिला होता हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. कामगाराने दाखवायचं ते एवढंच, की आपण तिथे कामाला होतो.

मग पत्र. तोंडी मागणं हवेत विरतं. पत्र लांबलचक नको, त्यात शिव्याशाप नकोत, कायद्याची कलमंसुद्धा नकोत. असं काहीसं पुरतं: “मी आपल्या कारखान्यात १ जून २०२२ पासून फिटर म्हणून काम करत आहे. मार्च महिन्याचे माझे वेतन रुपये १८,००० हे ७ एप्रिलपर्यंत मिळायला हवे होते. ते आजपर्यंत मिळालेले नाही. ते सात दिवसांच्या आत माझ्या बँक खात्यात जमा करावे. मी रोज नियमितपणे कामावर हजर आहे.” शेवटचं वाक्य गाळू नये, पुढे तेच कामाला येतं. दोन प्रती काढायच्या. एकीवर ऑफिसचा शिक्का आणि सही घ्यायची. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पावती वहीत चिकटवायची. ईमेलनेही पाठवावं, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. कोऱ्या व्हाउचरवर सही मात्र कधीही करू नये. थोडे पैसे देऊन “सर्व हिशेब पूर्ण मिळाला” अशा छापील कागदावर सही मागितली, तर मिळालेली रक्कम आणि “बाकी येणे” असं स्वतःच्या हाताने लिहूनच सही करावी.

एकट्याने दिलेल्या पत्रापेक्षा बारा जणांच्या सह्यांचं पत्र जड असतं. पण एकत्र येणं आणि एकाएकी काम बंद पाडणं यात फरक आहे. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे आता कुठल्याही औद्योगिक आस्थापनेत संपासाठी चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. पगार थकला म्हणून बेकायदा संप केला, तर मालकाच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळच्या नरसापूरला, आयफोन बनवणाऱ्या विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात काय झालं ते देशाने पाहिलं. कंपनीने झपाट्याने हजारो कंत्राटी कामगार भरले होते, हजेरीची आणि पगाराची व्यवस्था त्या वेगाला पुरली नाही. ओव्हरटाइमचे पैसे नाहीत, पगार उशिरा आणि कमी, अशा तक्रारी साचत गेल्या. १२ डिसेंबरच्या पहाटे रात्रपाळी सुटताना उद्रेक झाला, यंत्रं आणि काचा फुटल्या. शंभराहून जास्त कामगारांना अटक झाली. नंतर ॲपलनेच मान्य केलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही कामगारांचे पगार थकले होते आणि नवी कामं थांबवून विस्ट्रॉनला ताकीद दिली. विस्ट्रॉनने माफी मागून भारतातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला पदावरून हटवलं. कामगारांचं म्हणणं खरं ठरलं. पण ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांच्या वाट्याला पगाराऐवजी कोर्टाच्या तारखा आल्या.

पत्राला उत्तर आलं नाही की पायरी चढायची ती कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची. प्रत्येक जिल्ह्यात ते असतं, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. वेतनाचा दावा कामगार स्वतः करू शकतो, नोंदणीकृत संघटना करू शकते किंवा निरीक्षक करू शकतो. जुन्या कायद्यात बारा महिन्यांची मुदत होती, संहितेत ती तीन वर्षांची झाली आहे. सक्षम अधिकारी थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो. पूर्वी उशीर झालेल्या पगारासाठी ही भरपाई जास्तीत जास्त तीन हजारांवर थांबायची, म्हणून मालकाला तिची भीतीच नव्हती. पगार कमी देणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं संहिता सांगते. सरकारी कार्यालयांतल्या रिकाम्या खुर्च्या बघता त्याहून जास्त वेळ लागेल, हे गृहीत धरून घरचं गणित मांडावं. आणि वसुलीचा दाखला तहसील कार्यालयात गेला की काम झालं असं समजू नये. तिथेही दर पंधरवड्याला जाऊन फाइल कुठे आहे ते विचारावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला, आणि कुठल्याही स्त्रीला, तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

बरीच प्रकरणं मात्र आदेशापर्यंत जातच नाहीत. ती त्याआधी, सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर मिटतात. लोखंडी कपाटं, दोरीने बांधलेल्या फाइली, एका बाजूला चार कामगार, दुसऱ्या बाजूला मालकाचा माणूस. तो म्हणतो, “पुढच्या महिन्यात नक्की करतो.” अनुभवी कामगार पुढारी अशा वेळी आवाज चढवत नाही. तो अधिकाऱ्याला विनंती करतो की रक्कम, हप्ते आणि तारखा इतिवृत्तात लिहा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. शिवाय प्रत्येक हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक मागून घेतो. चेक ज्या तारखेचा असेल त्या दिवशीच बँकेत टाकायचा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली दंडाधिकाऱ्याकडे तक्रार. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि समन्स चेकवर सही करणाऱ्या मालकाच्या स्वतःच्या नावाने निघतं.